कुंपणाखालचे दहा कागद

सोमवारी सकाळी टिचकी पायरीवर आपटली. कुंपणाला अडकून नव्हे, कुंपणावरचा हात काढला म्हणून.

ती शाळा अंध मुलांची होती. वसतिगृहाच्या दारापासून वर्गाच्या पायऱ्यांपर्यंत साठ पावलांचं हिरवं कुंपण होतं, मुलांच्या कमरेएवढं, वरून सपाट कापलेलं. मुलं त्याच्या माथ्यावरून डावा हात फिरवत जायची. बारीक कडक पानं लागत असली की वाट सरळ. मध्येच दोन पावलांपुरती कातरलेल्या कडेची पानं लागली की उजवीकडे वळायचं. मग पुन्हा बारीक पानं, आणि कुंपण संपलं की पायऱ्या. नवीन आलेल्या मुलाला हे शिकायला एक आठवडा पुरायचा. टिचकीला दोन महिने लागले होते. ती घाबरट होती. पुढचं पाऊल टाकण्याआधी प्रत्येक वस्तूला बोटानं टिचकी मारून बघायची, म्हणून तिला हे नाव पडलं. गेल्या महिन्यापासून ती कुणाचा हात न धरता वर्गात जाऊ लागली होती.

त्या सकाळी तिच्या बोटांखाली काहीतरी मऊ, गार वळवळलं. तिनं किंचाळून हात मागे घेतला, चार पावलं नुसतीच धावली आणि हनुवटीवर पडली. तीन टाके पडले.

"अळ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी एक फांदी वाकवून पाहिली आणि लगेच सोडून दिली. "किती आहेत या? तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"शनिवारी दिसल्या," पानकाकू म्हणाल्या. "तेव्हा दोऱ्याएवढ्या होत्या."

पानकाकू शाळेच्या माळीणबाई. हे कुंपण त्यांनीच लावलं होतं, बारा वर्षांपूर्वी. नवीन मूल आलं की त्या त्याचा हात धरून एकेका झाडाच्या पानाची ओळख करून द्यायच्या, त्यामुळे मुलांनीच त्यांना पानकाकू केलं होतं. त्यांना स्वस्थ बसता यायचं नाही. बोलतानासुद्धा त्यांचा हात कुठलं तरी वाळकं पान खुडत असायचा.

"कडक औषध मारा आजच्या आज," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मुलं दिवसातून आठ वेळा हात फिरवतात त्यावरून. आणि तोच हात तोंडात घालतात. कडक औषध मारलं तर दोन आठवडे कुणी शिवायचं नाही."

"मग जायचं कसं?"

"तेच म्हणते मी."

मोठ्या बाईंनी कपाळ चोळलं. त्या वाईट नव्हत्या. सकाळपासून दवाखान्यात बसून आल्या होत्या आणि त्यांच्या बाहीवर रक्ताचा डाग होता. "काकू, लोखंडी कठडा करून घ्यायचा विषय गेल्या वर्षीच निघाला होता. तुमच्या शब्दाखातर मी थांबले. आता मिस्त्रींना शुक्रवारी सकाळी बोलावते. कुंपण कापायचं आणि कठडा बसवायचा."

"कठड्याला वळण कसं कळणार? सगळीकडे सारखाच."

"कठड्याला अळ्या तरी लागत नाहीत."

"शुक्रवारपर्यंत वेळ द्या," पानकाकू म्हणाल्या. "तोवर अळ्या संपल्या तर?"

"संपल्या तर बघू. मला एकही नको आहे, काकू."

पानकाकूंकडे जिवाणूंच्या भुकटीची एक पुडी होती. संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांनी निम्मी भुकटी पाण्यात कालवली आणि भोवती जमलेल्या मुलांना समजावून सांगितलं, कारण न सांगता काम करणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"हे अळीच्या अंगावर मारायचं औषध नाही. पानावर मारायचं. अळीनं पान खाल्लं की हे पोटात जातं आणि तिचं पोट बिघडतं. मग ती खाणं सोडते, आणि दोन-तीन दिवसांनी मरते."

"माझंही पोट बिघडलं होतं," प्रश्न्या म्हणाला. "मी कुठं मेलो?" हा मुलगा दिवसाला शंभर प्रश्न विचारायचा.

"तू खाणं कुठं सोडलं होतंस?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळे हसले.

"माणसाच्या पोटात हे काम करत नाही. तरीही हात धुवायचे."

"संध्याकाळीच का मारायचं?"

"उन्हानं याचा जोर जातो. पाण्यानं तर धुऊनच जातं. म्हणून यात थोडा चिकटा घालतात, पानाला धरून राहावं म्हणून." असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर शुक्रवार होता, आणि चिकटा ओतताना हात जरा सैल सुटला. नेहमीच्या दुप्पट पडला. त्यांनी पाठीवरचा पंप चढवला आणि पानांच्या खालच्या बाजू भिजतील अशा बेतानं साठ पावलं फवारली. फवारून झाल्यावर पुन्हा एकदा, उगीचच, रिकामा पंप घेऊन त्या तेवढीच वाट चालून आल्या.

मंगळवारी त्या दिवसभरात अकरा वेळा कुंपणापाशी गेल्या. अळ्या खात होत्या. ठीक आहे, एक दिवस लागतोच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि पाऊण तासानं परत जाऊन बघितलं. अळ्या खातच होत्या. पुडीवरची तारीख त्यांनी तीनदा वाचली. पाणी फार गार होतं का? भुकटी नीट विरघळली नव्हती का? सुटलेल्या फांद्या कापायला कात्री हातात घेतली आणि चांगलीच फांदी कापून टाकली.

दुपारची शाळा सुटली तेव्हा वाऱ्यानं वर्गातला एक कागद उडून कुंपणाखाली जाऊन पडला होता. उठावाच्या ठिपक्यांनी लिहितात तसला जाड कागद. प्रश्न्यानं तो चाचपून उचलला आणि उभ्या उभ्याच बोटांनी वाचायला लागला. वाचता वाचता थांबला.

"हे कुणी लिहिलंय? मध्येच जास्तीचे ठिपके टाकलेत. काहीच्या बाही शब्द झालेत." मग त्यानं बोट झटकलं. "काकू, ठिपका निघाला!"

पानकाकूंनी कागद बघितला. अक्षरांच्या मधून मधून बारीक काळपट दाणे पडले होते.

"अळीच्या लेंड्या आहेत त्या."

"शी!" प्रश्न्या म्हणाला, आणि लगेच पुढचा प्रश्न: "किती खाल्लं की एक पडते?"

पानकाकू हसायला लागल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या. खाल्लं की पडते. खाल्लं नाही तर पडणार नाही. त्या झुडपात डोकं घालून दोन दिवस अळ्या शोधत होत्या. पण अळी जिवंत आहे की मेली हा प्रश्नच नव्हता. खातेय का, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर खाली जमिनीवर पडत होतं.

बुधवारी सकाळी दहा मुलं, दहा कोरे जाड कागद. प्रत्येक सहा पावलांवर कुंपणाखाली एक कागद सरकवला, कोपऱ्यांवर खडे ठेवले. एक तास थांबायचं, मग ज्याचा कागद त्यानं बोटांनी मोजायचं. डोळस माणसाला ते बारीक दाणे मोजताना चुकायला झालं असतं. या मुलांची बोटं त्याहून बारीक ठिपके रोज वाचत होती.

वसतिगृहाच्या मावशींनी हे पाहिलं आणि त्या दारातच थबकल्या. "आता हेच राहिलं होतं! अळ्यांची घाण मोजताय?"

"शास्त्र आहे मावशी," प्रश्न्या म्हणाला.

"शास्त्र झालं की साबणानं हात धुवा. दोनदा."

तास संपला. वसतिगृहाच्या बाजूनं आकडे यायला लागले. एकतीस. अठ्ठावीस. पस्तीस. पानकाकू वहीत लिहीत होत्या आणि प्रत्येक आकड्याबरोबर त्यांचा चेहरा उतरत होता. सव्वीस. तीस. तेहतीस. एकोणतीस. सत्तावीस. औषध लागूच पडलं नव्हतं.

"चार," नवव्या कागदावरून आवाज आला.

"दोन," दहाव्यावरून टिचकी म्हणाली. तिच्या हनुवटीवर पट्टी होती. तिला मुद्दाम पायऱ्यांजवळचा कागद दिला होता, म्हणजे फार चालावं लागू नये.

"नीट बघ."

"नीटच बघितलंय. सगळा कागद कोराच आहे."

पानकाकू तिथं गेल्या आणि त्यांनी फांदी वाकवली. अळ्या होत्या, चांगल्या पाच-सहा. पण एकीचंही तोंड पानाला लागलेलं नव्हतं. टिचकी शेजारीच उभी होती. तिनं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि एका अळीला हळूच टिचकी मारली. लगेच बोट फ्रॉकला पुसलं.

"ही परवासारखी नाहीये," ती म्हणाली. "परवाची वळवळत होती. ही नुसतीच पडलीय."

"म्हणजे इथं औषध लागू पडलंय," पानकाकू स्वतःशीच म्हणाल्या. "मग तिकडे का नाही? पाणी तेच, पंप तोच. शेवटी फवारलेलं चाललं आणि आधीचं नाही?"

"तिकडचं ओलं होतं ना," प्रश्न्या म्हणाला.

"कधी?"

"काल सकाळी. वर्गात जाताना. इथं पायऱ्यांजवळ मात्र कोरडं होतं."

"दव असेल रे."

"दव असं टपटप नाही गळत," टिचकी म्हणाली. "माझ्या बुटात पाणी गेलं."

पानकाकूंनी वसतिगृहाच्या दाराकडे बघितलं. दाराशेजारी नळ होता, नळाला हिरवा पाइप. त्या ताड्ताड् चालत गेल्या, पाइपचं टोक धरलं आणि ओढत ओढत कुंपणाच्या कडेनं निघाल्या. पाइप ताणला गेला तो आठव्या कागदाच्या जरा पुढे.

"मावशी!"

मावशी हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं ओरडायला?"

"काल कुंपणावर पाणी कुणी मारलं?"

"मी. मग? सकाळी सगळ्यांची बोटं चिकट, नुसती गोंदात बुडवल्यासारखी. तशीच न्याहारीला बसणार होती. मी विचारलं कशाला हात लावलात, तर म्हणे कुंपणाला. काहीतरी सांडलं असेल म्हणून घेतलं धुऊन. चांगलं पान न् पान धुतलं."

"औषध होतं ते!"

"मला कुणी सांगितलं?" मावशींनी कमरेवर हात ठेवले. "मोठ्या बाईंना सांगितलंत. पोरांना भाषण दिलंत. मी सोमवारी संध्याकाळी बहिणीकडे गेले होते. आल्यावर मला काय स्वप्न पडणार होतं?"

चिकटा दुप्पट पानकाकूंनीच ओतला होता. आणि शाळेत सगळ्यांना समजावून सांगत फिरणाऱ्या त्या, ज्या बाईच्या हातात पाण्याचा पाइप असतो नेमकं तिलाच सांगायला विसरल्या होत्या.

"चूक माझी," त्या म्हणाल्या.

मावशी भांडणाच्या तयारीत होत्या, त्यांनी कमरेवरचे हात खाली घेतले. "बरं, मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता संध्याकाळपर्यंत थांबायचं."

ती दुपार सरता सरेना. पुडीत एकाच फवारणीपुरती भुकटी होती. ऊन असताना मारली तर फुकट, आणि शुक्रवार तर परवावर आला होता. पानकाकूंनी पंप धुतला, पुसला, पुन्हा धुतला. बाकावर बसल्या आणि उठल्या. सावली कुंपणापर्यंत पोचली का, हे बघायला सारख्या बाहेर येत राहिल्या. सावली एकदाची पोचली तेव्हा त्यांनी चिकटा चमच्यानं मोजून घातला. मावशींनी नळाचा पाइप काढून कपाटात ठेवला आणि कपाटाची किल्ली कमरेला लावली. "आता कुणी अंघोळीला पाणी मागितलं तरी देत नाही," त्या म्हणाल्या.

गुरुवारी दुपारचे आकडे पहिल्या आठ कागदांवर वीसच्या आसपास होते. चार वाजता नऊ, सात, सतरा, आठ. उतरत होते, पण सावकाश. पानकाकूंना माहीत होतं, अळ्या मरायला शनिवार उजाडणार. आणि मुदत वाढवून मागायची तर मोठ्या बाई दिवसभर बाहेरगावी होत्या.

शुक्रवारी आठ वाजता मिस्त्री आले. बरोबर एक माणूस, एक कापणीचं यंत्र आणि गाडीभर लोखंडी नळ्या. मोठ्या बाई कुंपणाशी आल्या, त्यांनी एक फांदी वाकवली आणि म्हणाल्या, "जिवंत आहेत."

"जिवंत आहेत, पण खात नाहीत."

"काकू, मी एकही नको म्हटलं होतं."

"मरायला आलेल्या आहेत. एक तास द्या. कागद ठेवते, मोजून दाखवते."

"कागदावर काही पडलं नाही म्हणजे झुडपावर अळी नाही असं होत नाही. मुलाच्या हाताला अळी लागली की ते हात काढणारच. माझ्या एका मुलीला टाके पडलेत."

"मी नाही काढणार हात," टिचकी म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती ते कुणाला कळलं नव्हतं. "त्या आता नुसत्या पडून असतात. मी चार अळ्यांना हात लावलाय."

मोठ्या बाईंनी तिच्या हनुवटीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. "एक तास. नंतर मात्र मी ऐकणार नाही."

मिस्त्रींनी यंत्र खाली ठेवलं. "आम्ही नुसतं बसायचं का, बाई?"

"बसा."

त्या तासात बसलं कुणीच नाही. मिस्त्री नळ्या एकदा गाडीतून उतरवून परत चढवायला लागले. मोठ्या बाई वर्गात जाऊन आल्या, परत गेल्या, परत आल्या. मावशी खिडकी पुसत होत्या, एकच काच. मुलं ओळीनं उभी होती आणि कुणाचे ना कुणाचे पाय सारखे वाजत होते. पानकाकू वसतिगृहाच्या दारापासून पायऱ्यांपर्यंत साठ पावलं जात होत्या आणि साठ पावलं येत होत्या.

"मोजा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"शून्य."

"एक."

तिसरा कागद प्रश्न्याचा होता. तो खाली बसला. त्याचं बोट कागदावर फिरायला लागलं आणि मग सावकाश झालं. पानकाकू दहा हातांवर उभ्या होत्या. तिथूनही त्यांना त्या पांढऱ्या कागदावर काळे दाणे दिसत होते. पोरा, एक फुंकर मार, त्यांच्या मनात आलं. आपल्या मनात हे आलं याची त्यांना लाज वाटली, तरी पुन्हा तेच आलं. प्रश्न्याचा तळहात एकदा कागदावर आडवा झाला. पुसायला होतो तसा. तसाच थोडा वेळ राहिला आणि उचलला गेला.

"चौदा," तो म्हणाला.

"गाढवा!" कुणीतरी कुजबुजलं.

"चौदाच आहेत तर काय करू?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

पुढचे आकडे पटापट आले. शून्य, दोन, शून्य, शून्य, एक. नवव्यावर शून्य. टिचकीच्या कागदावर शून्य.

मोठ्या बाई तिसऱ्या कागदाशी वाकल्या. त्यांनी प्रश्न्याचा आडवा झालेला तळहात बघितला होता, हे पानकाकूंना दिसलं होतं. मोठ्या बाईंनी वरची फांदी बाजूला केली. आत जाळीचा घट्ट गोळा होता, पानं एकमेकांना चिकटवून केलेला. फवारा तिथं पोचलाच नव्हता, आणि आतल्या अळ्या बोटाएवढ्या झाल्या होत्या.

"यांना आता भुकटीनं काही होणार नाही," पानकाकू म्हणाल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मोठ्या झाल्या. एवढा भाग कापायलाच हवा."

"केवढा?"

"तीन पावलं."

मोठ्या बाईंनी पायऱ्यांपर्यंतचं बाकीचं कुंपण एकदा पाहून घेतलं. मग मिस्त्रींकडे वळल्या. "तीन पावलं कापा. तेवढाच कठडा बसवा. बाकीच्याला हात लावायचा नाही."

"एवढ्यासाठी गाडीभर नळ्या आणल्या मी!" मिस्त्री म्हणाले.

"परत न्या. चढवायचा सराव झालाय तुम्हाला."

यंत्र सुरू झालं तेव्हा पानकाकूंनी तोंड फिरवलं नाही. कापलेल्या फांद्या त्यांनी स्वतः पोत्यात भरल्या, जाळ्यांसकट, आणि पोत्याचं तोंड सुतळीनं दोनदा आवळलं. बारा वर्षांची खोडं बुंध्यापासून कापली गेली होती. कठड्याच्या दोन नळ्यांमधून पलीकडची भिंत दिसत होती. मुलांना लगेच तिथून जाऊन बघायचं होतं. सगळ्यांत आधी टिचकी गेली. दार सोडलं, पानांवरून हात नेला, लोखंड लागलं तशी थांबली, टिचकी मारली. टण्ण झालं.

"हे किती दिवस?"

"बुंधे फुटून तुझ्या कमरेला लागेपर्यंत. दोन वर्षं."

"बाप रे," ती म्हणाली, आणि पुढची पानं शोधत वर्गाकडे निघून गेली.

प्रश्न्या मात्र तिथंच रेंगाळला. "काकू, एकसुद्धा अळी पोत्याबाहेर राहिली असेल तर?"

"तर तिचा पतंग होईल."

"मग?"

"मग तो पानाच्या मागे अंडी घालेल. महिन्याभरानं परत हेच."

"मग तुम्ही काय करणार?"

"आठवड्यातून दोनदा पानं उलटून बघणार. तूही बघायचंस. अंडी बोटाला कशी लागतात, ते शिकवते तुला."

"अहो, आज तरी जरा टेका," मावशी खिडकीतून म्हणाल्या. "चार दिवस पायाला भिंगरी लागलीय नुसती."

"टेकते," पानकाकू म्हणाल्या, आणि प्रश्न्याचा हात धरून कुंपणाच्या पहिल्या पावलाशी जाऊन वाकल्या.